एकाच नळीतली लस

देवीची साथ हट्टा गावातून ओसरल्यावर टोचणारे नासेर डॉक्टर घरोघर हिंडून आपली लस कुठं लागली आणि कुठं वाया गेली ते बघून राहिले होते. मंजुळाच्या दारात त्यांचं डोकं चालेना. तिच्या दोन्ही लेकरांना त्यांनी थंडीत एकाच ओसरीवर, एकाच नळीतली लस टोचली होती. तरी मुलगा उकंडा देवीनं गेला आणि त्याच्या उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालणारी त्याची बहीण कौशी मात्र ठणठणीत राहिली. लसच खराब निघाली म्हणावं, तर ही पोरगी वाचली कशी?

कौशीच्या दंडावर लसीच्या फोडाचा खोल वण होता.

"पोराच्या दंडावर असा फोड आला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई आला."

"काहून?"

मंजुळानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुमी वेशीबाहेर जायच्या आत मी त्याचा दंड राखेनं घासून धुतला, साहेब. दोन लेकरं गेल्यावर झालेलं पोरगं. मरनानं ढुंकून बघू नये म्हनून त्याला उकंड्यावर लोळवलं, नावबी उकंडाच ठेवलं. त्याच्या अंगात असलं काही राहू देईन का मी?"

"अन् पोरीचा दंड?"

मंजुळानं कौशीच्या वणावर अंगठा फिरवला.

"तिचा धुवायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."