पाहू

खण्णकन पळी परातीत आदळली, तेव्हा कुठे जेवणाऱ्यांच्या माना वर झाल्या.

“शेगावले नर्सिंगले माहा नंबर लागला. सोमवारी हजर व्हायचं हाये. जाऊ का नाही?” मंजुश्रीने नवऱ्याला पुन्हा विचारलं.

“पाहू,” भाकर मोडत गोकुळ म्हणाला.

“पाहू, पाहू! एकदाचं सरळ नाही म्हणा न, म्हंजे मले भांडता तरी येईन!”

“तो कुठी नाही म्हणते?” सासू तानाबाई मध्ये पडल्या. “पाहूच म्हणते न बिचारा.”

मंजुश्रीचा भडकाच उडाला. “लग्नाच्या बैठकीत माह्या बाबानं हेच विचारलं होतं. पोरगी पुढं शिकली तं चालीन न? तवा तुमचे बाबा हासून ‘पाहू न’ म्हणले, अन् माह्या भोळ्या बाबानं ते ‘हो’ समजून साऱ्या बैठकीले पेढे वाटले!”

रागारागातच तिने पदराशी बसलेल्या चिमीला घास भरवला. पोरीने तो गिळला आणि आईकडे पाहत विचारलं,



“अन् आई, बैठकीत तुले विचारलं, तवा तू काय म्हणली?”