लाल डोळे

"माझ्यासारखं करू नकोस, तेजू. लेकराला पाळणाघरात टाकून कामावर जाऊ नकोस," हेमलताबाई सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाल्या. त्या एसटीत कंडक्टर होत्या तेव्हा तेजू शिंत्रेबाईंच्या पाळणाघरात असायची. रोज संध्याकाळचे तिचे ते रडून लाल झालेले डोळे तीस वर्षांत त्यांच्या मनातून गेले नव्हते.

 आदल्या दिवशी स्मृतिकेंद्रात जाऊन तेजूने आपली लहानपणची एक आठवण पट्टीवर उतरवून आणली होती. ती पट्टी तिने आईच्या कपाळाला लावली.

हेमलताबाईंनी डोळे मिटले आणि त्यांना चार वर्षांच्या तेजूला दिसायचं तसं दिसू लागलं. शिंत्रेबाईंचं अंगण, मांडलेली भातुकली, फोडणीच्या पोह्यांचा वास. तेजू खिदळत होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टक-टक वाजलं. चालताना तिकिटाचा पंच वाजवायची हेमलताबाईंची जुनी सवय. तो आवाज येताच तेजूने भातुकली सारली, डोळे चोळचोळून लाल केले आणि भोकाड पसरलं. खाकी कपड्यांतली एक दमलेली, तरणी बाई धावत आली आणि तिने लेकीला उचलून कडेवर घेतलं.

हेमलताबाईंनी पट्टी काढली. "दिवसभर उभी असायचे मी. वर घरापर्यंत तुला उचलून न्यायचे."

"हसत असले की चालत न्यायचीस," तेजू म्हणाली.

हेमलताबाईंनी दुडुदुडु धावत आलेल्या नातीला जवळ ओढलं. "उद्या हिला पाळणाघरात तू सोड. आणायला मी जाईन. हसत असली तरी कडेवरच आणीन."