टाकी रिकामी करताना

लाल.

"पुन्हा फुंका," मॅनेजर म्हणाला.

ड्रायव्हरने पुन्हा फुंकलं. पुन्हा लाल. श्वासातली दारू ओळखणाऱ्या यंत्राचा दिवा हिरवा झाल्याशिवाय बसची किल्ली हातात पडत नसे. अट त्याच्या एकट्यासाठीच होती, आणि सगळ्या डेपोला ठाऊक होती. लेक चालायला लागली तेव्हा त्याने दारू सोडली. ती शाळेत जायला लागली तेव्हा कुठे स्टिअरिंग परत मिळालं. आता लाल म्हणजे घरी. कायमचं.

मॅनेजरला त्याने सांगितलं ते असं:

हल्ली पेट्रोलात अल्कोहोल मिसळलेलं असतं. दमट हवेत ते पाणी ओढतं. पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आपली जुनी पेट्रोलवरची बस आचके देत मान टाकते. मग टाकी उपसायची. उपसायची म्हणजे नळी आत सोडायची आणि तोंडाने ओढायची. ओढताना थोडं तोंडात येतंच.

"साहेब, मी समोरच होतो," मेकॅनिक गाल धरून म्हणाला. "माझी दाढ उपटलीय, म्हणून मीच म्हटलं, नळी तू ओढ. थुंकला की तो. माझ्या बुटावर थुंकला."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. चुळा भरून झाल्या. सगळे बाकावर बसून राहिले, इस्पितळाबाहेर बसतात तसे. मग ड्रायव्हरने श्वास गोळा करून फुंकलं.

हिरवा.

"बघा, उगाच जिवाला घोर," मॅनेजर म्हणाला आणि त्याने किल्ली दिली.

"अरे, तू आणि बस, दोघांत फक्त बसने प्यायचं असं ठरलंय ना?" मेकॅनिक म्हणाला. सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, जरा उशिराने.

बायकोला त्याने सांगितलं ते असं:

तेच. पण बूट आधी आणि दाढ नंतर.

तिने जवळ येऊन त्याच्या शर्टाचा वास घेतला. पेट्रोल. पूर्वी ती असा वास घ्यायची तेव्हा लेक रांगत पलंगाखाली जायची. आज लेक चित्र रंगवत बसली होती, तिने मानही वर केली नाही.

"माझा विश्वास आहे," बायको म्हणाली. "तुम्ही प्यायला असतात तर आत्ता माझ्याशी गोड बोलला असतात."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. ती पोळपाट धुवायला वळली. तिची पाठ इतकी निवांत त्याने कधी पाहिली नव्हती. त्या पाठीला काय सांगणार?

स्वतःला त्याने सांगितलं ते असं:

थुंकलो.

सगळं थुंकलो.

विषच ते, कोण गिळेल? घसा पेट्रोलाने सोलून निघाला. त्या उग्र वासाखाली ती जुनी ऊब होती, पण ती काय आपण मागितली होती? आपण फक्त नळी ओढली. मेकॅनिक बूट पुसायला फडकं आणायला गेला, तेव्हा पुन्हा ओढली.

पेट्रोल मात्र पहिल्याच ओढीला वाहायला लागलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात बस पुन्हा बंद पडली. ड्रायव्हर शेडमध्ये आला तर मॅनेजर स्वतः तिथे उभा. हातात नवाकोरा हातपंप, चेहऱ्यावर लेकाला सायकल घेऊन देणाऱ्या बापाचा आनंद.

"तुमच्यासाठीच आणला," तो म्हणाला. "आता तोंड लावायची भानगडच नको. ती नळी दिली फेकून."

मेकॅनिकने टाळ्या वाजवल्या.

"कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.