अवधाण

"पोरीच्या मानेत अवधाण आलंय," शेवंतानं चौथ्यांदा सांगितलं.

"मुलीचं अवधान चांगलं आहे. स्कॅनची गरज नाही," यंत्र पुन्हा म्हणालं.

डॉक्टर गानू चरफडले. स्कॅनरचं दार आता पालकांची तक्रार ऐकूनच उघडायचं. डॉक्टरांचं म्हणणं यंत्र जमेस धरत नसे. सहा वर्षांच्या आर्वीच्या मानेतली सूज, शेवंताच्या बोलीतलं अवधाण, महिनाभरात लिंबाएवढी झाली होती. लिम्फोमाचा कर्करोग असेल, तर एकेक दिवस हातचा जात होता.

"बाई, गाठ म्हणा. एवढा एकच शब्द."

"खरचटलं की येतंच अवधाण. गाठ माझ्या आईला आली होती, डॉक्टर. ती गेली."

"म्हणूनच म्हणा."

शेवंतानं दोन्ही हातांनी आर्वीचे कान झाकले.

"गाठ," ती पुटपुटली.

दार उघडलं.

"झालं तुमच्या मनासारखं?" तिनं डॉक्टरांना विचारलं.