शकूचं बोलणं

पडदा म्हणून बांधलेलं जाजम बाजूला झालं आणि ज्योतीराम हिरवं लुगडं नेसून पुढे आला, तशी पहिली शिट्टी पडली.

कासारवाडीच्या शाळेच्या ओसरीवर तरुण मंडळाचं नाटक चाललं होतं. रविवारची दुपार होती. कारखान्यांतले कामगार होते, आसपासच्या गावांतून बैलगाड्या जुंपून आलेली माणसं होती. कुसुमताई खांबाआड उभ्या होत्या. आठवडाभर त्या प्रयोगशाळेत औषधं तपासत आणि रविवारी इथल्या मुलांना नाटक लिहायला शिकवत. त्यांचा नियम एकच होता. घरात कानांनी जे ऐकलं तेच लिहायचं, पदरची भर घालायची नाही.

आजचं नाटक सांगवीच्या शालनचं होतं. ती त्यांच्या शेजारी उभी राहून प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होती. "लिवायचं तेवढं लिव, तोंडाला रंग लावायचा न्हाई," असं वडिलांनी बजावलं होतं, म्हणून मुलीचं काम ज्योतीरामकडे गेलं होतं.

नाटकातल्या मुलीचं नाव शकू. तिची मॅट्रिक तोंडावर आली आहे आणि बापानं परस्पर स्थळ पक्कं केलं आहे. नाव तेवढं बदललं होतं. शालनची सुपारी येत्या गुरुवारी फुटायची होती. घरात वडिलांपुढे तोंड उघडायची रीत नव्हती. "तोंडावर बोलता येत नाही, ते माणसाला समोर बसवून ऐकवता येतं," असं कुसुमताईंनीच तिला सांगितलं होतं.

आणि तो माणूस समोर बसला होता. शालनचे वडील मारुतराव, पहिल्या रांगेत, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. शेजारी होणारे व्याही, माणचे सोपानराव.

बापाचं काम करणारा दत्तोबा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पोरीच्या जातीला मॅट्रिक कशाला? कारखान्याचा भोंगा वाजवायचाय का तिला?"

हशा उसळला. मारुतरावांनी गुडघ्यावर थाप मारली आणि सोपानरावांना कोपरानं ढोसलं. शालननं कुसुमताईंचा हात घट्ट धरला.

"बाई, ओळखलं त्यांनी."

"हो. आता शकूचं बोलणं आहे. नीट ऐकतील."

ज्योतीराम पुढे आला. तालमीत सांगितलं होतं तसा तो नुसता उभा राहिला. हातवारे नाहीत, मुरका नाही. शिट्ट्या आपोआप थांबल्या. दोन्ही हात पदराखाली घेऊन तो हळू म्हणाला, "आबा, मी आजवर तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही."

"वा रं पोरा!"

मारुतराव उभे राहिले होते. त्यांनी कोपरीच्या खिशातून रुपया काढून डोक्यावर उंच धरला. जत्रेत तमाशाच्या फडावर चांगल्या नाच्याला देतात, तसा. फडावर बक्षीस आलं की खेळ थांबतो आणि देणाऱ्याचं नाव पुकारतात. ज्योतीरामनं लहानपणापासून तेवढंच पाहिलं होतं. त्यानं वाकून रुपया घेतला, कपाळाला लावला आणि खड्या आवाजात पुकारा केला, "सांगवीचे मारुतराव, यांच्याकडून शकूला एक रुपया!"

सोपानराव मागे कसे राहतील? तेही उठले. मग तिसऱ्या रांगेतून कोणीतरी. मग एकदम तिघे.

कुसुमताई खांबाआडून बाहेर आल्या. "थांबा! तिचं बोलणं पुरं होऊ द्या! ज्योतीराम, पुढचं बोल!"

ज्योतीराम पुढचं बोलला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. शिट्ट्यांत आणि टाळ्यांत त्याचं त्यालाही ऐकू आलं नसेल. दत्तोबा खुणेची वाट पाहून कंटाळला आणि त्यानं आपलं पुढचं वाक्य म्हणून टाकलं. नाटक संपलं.

माणसं पांगली तेव्हा मारुतराव स्वतः होऊन कुसुमताईंकडे आले. त्यांचा चेहरा खुलला होता.

"बाई, हिनं तर समदं माझंच बोलणं घातलंय की! भोंग्याचं मीच म्हनलो हुतो. व्हय का न्हाई गं?"

शालन खाली मान घालून ज्योतीरामच्या लुगड्याची घडी करत होती. तिनं मान डोलावली.

"मारुतराव," कुसुमताई म्हणाल्या, "तिनं ते तुम्ही ऐकावं म्हणूनच लिहिलंय. शकूचं जे बोलणं होतं ना..."

"लई झ्याक हुतं. लग्नाच्या दुसऱ्या दिशी आमच्या दारात करा. मांडव असतोयच. पोरांच्या जेवणाखाण्याचं माझ्याकडं."

"सून लिवणारी मिळाली म्हणा की," सोपानराव म्हणाले. "उद्या आमच्यावर लिवील."

"तितं कुठला येळ घावतोय तिला!" मारुतराव म्हणाले, आणि दोघेही पोट धरून हसले.

कुसुमताईंना आणखी बोलायचं होतं. पण समोरचा माणूस रागावलेला नव्हता, नाही म्हणत नव्हता, काही लपवतही नव्हता. भांडायचं कशाशी, हेच त्यांना उमगेना. मनातल्या मनात त्या नाटक पहिल्यापासून तपासत गेल्या. एकही वाक्य खोटं नव्हतं.

गाडी जुंपली गेली. मारुतराव आणि सोपानराव पुढे बसले. शालन मागच्या बाजूला, पाय सोडून बसली. बैल हलले तसे मारुतरावांनी बारीक आवाज काढला, "आबा, मी आजवर तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही..." आणि ते अडले. "फुडं काय हुतं गं? त्या गलक्यात काय ऐकू आलं न्हाई."



"एवढी मॅट्रिक होऊ द्या," शालन म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल त्या घरी जाईन."

"हां!" मारुतराव म्हणाले, आणि त्याच बारीक आवाजात त्यांनी ते सोपानरावांना म्हणून दाखवलं.