फक्त नाव आणि टक्के

यादीत आता एकच नाव उरलं होतं, आणि श्रीधरराव माइकसमोर उभे राहून चष्मा पुसत होते.

फ्रीगंज वस्तीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गुणगौरवाची यादी वाचायचं काम सतरा वर्षं त्यांच्याकडे होतं. नुसती यादी काय, कुणीही वाचेल. श्रीधरराव प्रत्येक मुलामागे दोन वाक्यं बोलत, आणि ती ऐकायला लोक आरती झाल्यावरही खुर्च्या सोडत नसत. आत्ताच त्यांनी पोस्टातल्या केळकरांच्या सुहासला पुढे बोलावलं होतं. दहावीला बासष्ट टक्के, पण आजोबांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर अभ्यास करून मिळवलेले, म्हणून आपण ते ब्याऐंशी धरू, असं ते म्हणाले तेव्हा सुहासची आई डोळ्याला पदर लावून बसली होती.

यादीतलं शेवटचं नाव मात्र त्यांच्याच मुलीचं होतं, आणि तिथे त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. आधीचे सचिव एका वर्षी आपल्या चिरंजीवांवर पंचवीस मिनिटं बोलले आणि प्रसादाची खिचडी गार झाली. पद हाती येताच श्रीधररावांनी ठराव मांडला: कार्यकर्त्यांची मुलं शेवटी, त्यांचं फक्त नाव आणि टक्के. कौतुक नाही, कोणाची कोण हेही सांगायचं नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. अश्लेषा तेव्हा बालवाडीत होती.

लोकांचं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. ह्यांच्याकडे सगळा उलटा कारभार. चौथीत अश्लेषा पहिली आली, बक्षीस घेऊन घरी आली आणि तिनं विचारलं, की बाबा, माझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं का? त्यांनी तिला नियम समजावून सांगितला. तिला तो एकदाच सांगून समजला आणि पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. तिनं विचारलं नाही ह्याचंच त्यांना पुढे फार वाईट वाटत राहिलं.

सांगण्यासारखं काय नव्हतं? चार वर्षं ती इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अप-डाऊन करत होती. रोज सकाळी श्रीधरराव तिला स्कूटरवरून देवास गेटच्या बस स्टँडवर सोडत. घरापासून तिथवर बारा मिनिटं. बापलेकीचं काय ते बोलणं त्या बारा मिनिटांत व्हायचं. बोलायची ती, मागे बसून. ते पुढे मान डोलवायचे. कॉम्प्युटरचं त्यांना निम्मंही कळत नसे, पण ती समजावून सांगताना थकत नसे आणि पाठीवर तिचं बोट आकृत्या काढत असे. एकदा एक म्हातारी चढायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा ही पोरगी दप्तर सावरत बसच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हातारी आत बसेपर्यंत हलली नाही. श्रीधररावांनी ते पानाच्या दुकानापासून पाहिलं. बँकेत दिवसभर कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं त्यांना. सांगितलं कुणालाच नाही.

आता तिला बंगलोरला नोकरी लागली होती. रविवारी ती निघणार होती. सकाळी विजयाबाईंनी नवऱ्याला चहा देतादेताच धरलं होतं.

"अहो, सगळ्यांच्या मुलांची तारीफ करता, आणि आपल्या मुलीची बारी आली की तोंडाला कुलूप. ह्या साली तर बोला. पुढच्या साली तिचं नाव लिस्टमध्ये येणार नाही."

बाईंचं खरं होतं. श्रीधरराव खोलीचं दार लावून बसले आणि दुपारपर्यंत त्यांनी पानभर मजकूर लिहिला. तो कागद आता शर्टाच्या खिशात होता.

त्यांनी चष्मा लावला. स्टेजच्या पायऱ्यांशी अश्लेषा केव्हाची येऊन उभी होती. आपल्या नावापासून टक्क्यांपर्यंत किती वेळ लागतो हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"अश्लेषा मुळे," श्रीधरराव म्हणाले आणि थांबले. हात खिशाकडे गेला. कागद बाहेर आला. समोरच्या खुर्च्यांत कुजबुज झाली. नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि नियम करणाराही. श्रीधररावांचे कान तापले. शेजारी बसलेले मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब पुढे झुकून हळूच म्हणाले,

"बोला ना, मुळेसाहेब. नियम तुमचाच होता, तोडा पण तुम्हीच."

श्रीधररावांनी कागद उलगडला. हुशार, मेहनती, मनमिळाऊ, धीट. सगळं खरं होतं, आणि सगळं त्यांचं सतरा वर्षांत कुणा ना कुणाच्या मुलासाठी वापरून झालं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली. पायरीशी उभ्या मुलीकडे बघितलं आणि त्यांना एकाएकी फार अभिमान वाटला. ते माइकच्या जवळ सरकले.

"ही," ते म्हणाले, "ही माझी मुलगी आहे."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनीच. अश्लेषा एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी राहिली होती, वर यायचं विसरून. टक्के सांगायचे राहूनच गेले, आणि कुणी विचारलेही नाहीत.