चावा

"पाठीच्या कण्याला इजा. मागचे पाय कायमचे गेले. उपचार नाहीत," तपासणीच्या यंत्राने निकाल दिला आणि दवाखान्यातलं औषधांचं कपाट आपोआप बंद झालं. उघडा राहिला तो फक्त शेवटच्या इंजेक्शनचा खण.

टेबलावर बिजली कुत्री लोळागोळा होऊन पडली होती. तिचे मालक गफूरभाई शिंपी पुटपुटले, "यंत्र चुकत नाही म्हणतात, बाई."

"त्याने हिला हात तरी लावलाय का?" डॉक्टर वत्सला पडवळ कडाडल्या. त्यांनी चिमटा उचलला आणि बिजलीच्या मागच्या पायाचं बोट करकचून दाबलं. पाय हलला नाही; पण बिजलीने गर्रकन मान वळवली आणि बाईंच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

गफूरभाई हादरले. बाई मात्र खूश! "पायाची कळ मेंदूपर्यंत पोचतेय, गफूरभाई. ही मरायला आलेली नाही."

रक्ताळलेला हात त्यांनी यंत्रासमोर नाचवला. "बघ, हा तुझा निकाल!"

"माणसाला जखम," यंत्र म्हणालं. "कपाट उघडत आहे."

रक्त तसंच ठिबकू देत वत्सलाबाईंनी आधी बिजलीच्या पाठीचं औषध सुईत भरून घेतलं.